हवेतला शेजार : हौशी रेडिओ संस्थेची शंभर वर्षांची वाटचाल

१८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना झाली. २०२५ साली या संघाला शंभर वर्षे पूर्ण झाली. १८ एप्रिल हा दिवस जगभर हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. भारतात या संघाचे प्रतिनिधित्व ॲमेच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था करते. पगार नाही, नफा नाही, श्रोत्यांची गर्दी नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चाने छोटे बिनतारी केंद्र उभारायचे आणि दूरवरच्या अनोळखी माणसाशी बोलायचे, एवढाच हा छंद. हा छंद जोपासणाऱ्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकांसाठी या संस्थेचा इतिहास दूरचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा तालुक्यावर आणि शेजारच्या औसा तालुक्यावर जो घाला पडला, त्यानंतरच्या दिवसांत बाहेरच्या जगाशी संपर्क जोडणाऱ्यांमध्ये हे हौशी रेडिओचालकही होते. एरवी रोज पावसापाण्याच्या आणि घरच्या कुशलाच्या गप्पा मारणारी ही माणसे त्या वेळी कामाला कशी आली, हे समजून घ्यायचे तर सुरुवातीपासून सुरुवात करावी लागते.

आरंभीची वर्षे

भारतातला पहिला हौशी रेडिओचालक म्हणून अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव घेतले जाते. १९२१ साली त्यांचे केंद्र सुरू झाले. त्यांचे संकेतनाम ‘२ जेके’ असे होते. मुकुल बोस हे ‘२ एचक्यू’ या नावाने त्यांच्या पाठोपाठ आले. आकाशवाणीचा तेव्हा पत्ताही नव्हता. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये आणि कोलकात्याच्या क्लबने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसारण सुरू केले, तेही हौशी मंडळींच्या बळावरच. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र निघाले ते २३ जुलै १९२७ रोजी. म्हणजे या देशात रेडिओ आधी छंद म्हणून आला आणि मग त्याचा व्यवसाय व सरकारी खाते झाले.

१९२९ पासून भारतीय केंद्रांच्या संकेतनामांना ‘व्हीयू’ ही आद्याक्षरे लागली. आजही जगाच्या पाठीवर कोठेही ‘व्हीयू’ ऐकू आले की पलीकडचा माणूस भारतातून बोलतो आहे हे कळते. १९३० च्या दशकात मात्र देशभरात पन्नासही परवाने नव्हते, आणि त्यांतले बहुतेक ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या नावावर होते. सामान्य भारतीय माणसाला ना सुटे भाग मिळत, ना शिकवणारे कोणी भेटे.

युद्ध आणि बंदी

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशी परवाने रद्द केले. संच जमा करण्याचे हुकूम निघाले. घरात प्रक्षेपक बाळगणे हा गुन्हा ठरला. तरी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालू केले. ४२.३४ मीटरवर ‘भारतातून कुठूनतरी’ बोलणाऱ्या या केंद्राला तांत्रिक आधार लाभला तो रेडिओची हौस असलेल्या माणसांचा. नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक जुळवला, तर शिकागो रेडिओच्या नानिक मोटवानींनी साहित्य पुरवले. पोलिसांचा पाठलाग चुकवत केंद्राची जागा सतत बदलली जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला आणि ते बंद झाले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

काँग्रेस रेडिओ ही काही हौशी रेडिओची संघटना नव्हती. तरी या प्रकरणातून एक गोष्ट दिसली. छंदापोटी मिळवलेले हातचे कौशल्य वेळ आली की राष्ट्राच्या कामी येते. पुढच्या इतिहासात हे अनेकदा घडले.

महू ते दिल्ली

युद्ध संपल्यावर परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी मध्य भारतातील महू येथे, लष्कराच्या सिग्नल स्कूलमध्ये, ॲमेच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले. महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे. हौशी रेडिओच्या राष्ट्रीय संस्थेचा पायाही तिथेच घातला गेला. त्या दिवशी उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा स्वतंत्र भारतात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुक्तीचा १७ सप्टेंबर उजाडायला आणखी चार महिने होते.

पुढे संस्थेचे मुख्यालय दिल्लीला गेले आणि १५ मे १९५४ रोजी तिला ॲमेच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया हे आजचे नाव मिळाले. वाढ मात्र संथ होती. १९७० पर्यंत देशातले परवाने हजाराच्या आतच होते. संच व्हॉल्व्हचे असत, आणि त्यांतले बरेचसे भाग लष्कराने मोडीत काढलेल्या सामानातून मिळत. ज्याला ट्रान्सफॉर्मर हवा असेल तो स्वतः तार गुंडाळी. कॉइलचे वेढे मोजताना रात्र सरे. बिघडले तर दुरुस्त करणारा कोणी नसे. सल्ला विचारायचा तर तो रेडिओवरच दुसऱ्या शहरातल्या मित्राला. या अडचणींनी या माणसांना एकमेकांवर विसंबायला शिकवले.

१९८४ साली राजीव गांधींच्या पुढाकाराने बिनतारी साहित्यावरचे आयात शुल्क माफ झाले. ते स्वतः हौशी रेडिओचालक होते. त्यांचे संकेतनाम ‘व्हीयू२आरजी’. त्याआधी वर्षभर, १९८३ मध्ये, हैदराबादला राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था (एनआयएआर) सुरू झाली होती. तिने प्रशिक्षणावर भर दिला. मुंबई, पुणे आणि अन्य शहरांतही क्लब निघाले. परवानाधारकांची संख्या २००० च्या सुमारास दहा हजारांच्या घरात पोहोचली.

बोलायचे काय?

या संस्थेचा स्वभाव घडवला तो तिच्या नियमांनी. १८८५ चा टेलिग्राफ कायदा, १९३३ चा बिनतारी कायदा आणि त्यांच्या आधारे केलेले १९७८ चे हौशी सेवा नियम यांच्या चौकटीत हे काम चाले. हौशी केंद्रावरून व्यापारी निरोप द्यायचा नाही, जाहिरात करायची नाही, गाणी वाजवायची नाहीत, सांकेतिक भाषेत बोलायचे नाही. तारखात्याचे उत्पन्न बुडेल असे काहीही करायचे नाही. मग उरते काय? आंतरराष्ट्रीय नियमांत याचे उत्तर होते. तांत्रिक प्रयोगांविषयी बोलावे, आणि तार किंवा टेलिफोन करण्याइतके ज्याचे महत्त्व नाही असे वैयक्तिक बोलावे.

म्हणजे कायद्याने या लोकांना किरकोळ गोष्टीच बोलायला परवानगी दिली होती. मोठ्या गोष्टींसाठी सरकारी यंत्रणा होती. हौशी माणसाच्या वाट्याला आली ती हवा, तब्येत, वीज, मुलांच्या परीक्षा, नव्या अँटेनाचे कौतुक आणि जळालेल्या व्हॉल्व्हचे दुःख. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर ही भाषा सैल झाली आणि परीक्षेतली मोर्स संकेतलिपीची सक्तीही ज्या त्या देशावर सोपवण्यात आली. पण तोवर पाऊण शतक या मंडळींनी किरकोळ गोष्टी मन लावून बोलण्याची सवय अंगी बाणवली होती. ही सवय म्हणजेच या संस्थेची खरी मिळकत आहे, असे मला वाटते.

रोजची बैठक

देशांतर्गत गप्पांसाठी ४० मीटरचा पट्टा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, सर्वांत सोयीच्या. दिवसा या लहरी आयनांबरावरून परतून काही शे किलोमीटरच्या परिसरात छान ऐकू येतात. धाराशिवहून हैदराबाद, पुणे, मुंबई ही शहरे या टापूत येतात. अँटेना म्हणून सुमारे २० मीटर लांबीची तार मधोमध तोडून दोन खांबांमध्ये किंवा दोन झाडांमध्ये ताणली तरी काम भागते. रात्र झाली की याच लहरी दूर पळतात. जवळचे शहर ऐकू येईनासे होते आणि हजारो किलोमीटरवरचा देश खणखणीत ऐकू येतो. सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र वरखाली झाले की हे सगळे गणितही बदलते. त्यामुळे निसर्गाचे भान सुटून हा छंद करताच येत नाही.

सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या कंपनांकावर मंडळी जमतात. याला ‘नेट’ म्हणतात. गावातला पार सकाळी जसा भरतो, तसाच हा पार हवेत भरतो. एकजण नियंत्रक असतो. तो एकेकाला संकेतनामाने हाक मारतो, आणि ज्याची पाळी त्याने बोलायचे. बोलून झाले की ‘ओव्हर’. मध्ये तोंड घालायचे नाही, कारण एका वेळी दोघे बोलले तर कोणाचेच ऐकू येत नाही. आधी आवाज किती स्पष्ट येतो ते आकड्यांत सांगायचे, मग नाव, मग गाव, आणि मग मनातले.

काय काय निघते त्या बोलण्यात! एकाकडे चार दिवस भारनियमन असते, तो मोटारीच्या बॅटरीवर बोलत असतो. दुसऱ्याची अँटेना वळवाच्या वाऱ्याने खाली आलेली असते. तिसऱ्याच्या घराशेजारी वेल्डिंगचे दुकान निघालेले असते आणि त्या खरखरीत त्याला काहीच ऐकू येत नसते. निवृत्त झालेला एखादा शिक्षक रक्तदाबाची गोळी बदलल्याचे सांगतो. एखाद्याची मुलगी बारावीत चांगल्या गुणांनी पास झालेली असते आणि तिचे अभिनंदन पाच राज्यांतून होते. एखादा काही दिवस आला नाही तर चौकशी सुरू होते आणि जवळच्या गावातला कोणीतरी त्याच्या घरी जाऊन येतो. निरोप घेताना सारे ‘७३’ म्हणतात; तारयंत्राच्या काळापासून चालत आलेला हा शुभेच्छांचा आकडा आहे. सभासद वारला की त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात आणि त्याच्या आठवणी सांगण्यासाठी नेट थोडे लांबते.

हे सर्व लॉगबुकात नोंदवले जाते. कोणाशी, कधी, कोणत्या कंपनांकावर, किती वेळ. मग संपर्काची खूण म्हणून टपालाने ‘क्यूएसएल’ कार्ड पाठवायचे. जुन्या हॅमच्या घरी अशा कार्डांच्या पेट्या सापडतात. त्यांतल्या बहुतेक माणसांची प्रत्यक्ष भेट कधीच झालेली नसते. तरी आवाजावरून कोण आजारी आहे आणि कोण आनंदात आहे हे त्याला ओळखता येते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटू शकतो. पण या बैठकीत रोज काय शिकले जाते ते पाहा. आपली पाळी येईपर्यंत ऐकून घेणे. खरखरीतून नेमका शब्द उचलणे. नाव चुकू नये म्हणून एकेक अक्षर फोडून सांगणे. ऐकलेले परत वाचून दाखवणे. वीज नसताना संच चालवणे. पाच मिनिटांत अँटेना बांधणे. आणि या सर्वांहून मोठे म्हणजे, कोणत्या गावात कोण आहे, त्याच्याकडे काय साधन आहे आणि त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवता येतो हे ठाऊक असणे.

३० सप्टेंबर १९९३

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती आणि केंद्र किल्लारीजवळ, जमिनीखाली फार खोल नव्हते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी इथली घरे. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

किल्लारी लातूर जिल्ह्यात असल्यामुळे हा भूकंप लातूरचा म्हणून ओळखला जातो. पण तेरणा नदीच्या अलीकडे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव, माकणी या गावांनीही तोच आघात सोसला. तसे पाहिले तर १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत किल्लारीही उस्मानाबाद जिल्ह्यातच होती. दुःखाला जिल्ह्याची सीमा नव्हती.

त्या काळी भ्रमणध्वनी नव्हता. भारतात तो आला ३१ जुलै १९९५ रोजी. इंटरनेटही त्याच वर्षीच्या ऑगस्टात लोकांसाठी खुले झाले. गावोगाव एखाददुसरा टेलिफोन, तालुक्याला एसटीडी बूथ, एवढीच संपर्काची साधने. मुंबई-पुण्यात कामाला गेलेल्या लेकरांना गावाकडचे कोण उरले हे कळायला मार्ग नव्हता. गावात उरलेल्यांना आपण जिवंत आहोत हे सांगायला मार्ग नव्हता.

अशा वेळी हौशी रेडिओचालक आपापले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात आले आणि त्यांनी स्वेच्छेने संपर्कसेवा दिली. भारतातल्या हौशी रेडिओच्या इतिहासात या भूकंपातील सेवेचा उल्लेख आवर्जून होतो. असे काम कसे चालते हे इथे सांगायला हवे. जीप किंवा मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी, एक संच, झाडांना ताणलेली तार, एवढ्यावर केंद्र उभे राहते. दूरच्या शहरातला एकजण नियंत्रक होतो आणि एरवी गप्पांना वापरात असलेला कंपनांक आणीबाणीसाठी मोकळा ठेवला जातो. जिवावरच्या प्रसंगाचा निरोप पहिला, औषधे व मदतसाहित्याचा दुसरा, खुशालीचा तिसरा. निरोप मोजक्या शब्दांत लिहून घ्यायचा : कोणाकडून, कोणत्या गावाहून, कोणाला, काय. तो पाठवला की पलीकडच्याने परत वाचून दाखवायचा. मग तिथला हॅम स्थानिक टेलिफोनवरून किंवा प्रत्यक्ष जाऊन तो घरी पोहोचवतो.

यातले एकही काम भूकंपाच्या दिवशी शिकता येत नाही. रोजच्या नेटवर ज्याचा आवाज ओळखीचा झाला आहे, त्याच्याच तोंडून आलेला आकडा नियंत्रक डोळे झाकून लिहून घेतो. ‘सलाइन’ की ‘ताडपत्री’ हे खरखरीत नीट ऐकू यावे, यासाठी कान आधी वर्षानुवर्षे पावसापाण्याच्या गप्पांवर तयार झालेला असावा लागतो. संकटातली सेवा हा या संस्थेचा वेगळा विभाग नाही; रोज बोलण्याच्या सवयीचेच ते फळ आहे.

त्यानंतरची तीन दशके

२९ ऑक्टोबर १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ आणि २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, या दोन्ही वेळी हौशी रेडिओ कामाला आला. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात होत्या. जगभरच्या हौशी मंडळींना या दुर्मीळ बेटांशी संपर्क मिळवून द्यावा, असा त्यांचा निव्वळ छंदाचा हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. त्याच संचांवरून बेटांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले.

५ मे २००५ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी६ मधून ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलो वजनाचा उपग्रह सोडला. केवळ हौशी रेडिओसाठी असलेला हा भारतीय उपग्रह पुढे नऊ वर्षे जगभरच्या हॅमना वापरता आला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला भारतीय विद्यार्थ्यांशी बोलले तेही हौशी रेडिओवरूनच. दरम्यान पश्चिम बंगालमधील हॅम मंडळी गंगासागर मेळ्यात हरवलेल्या यात्रेकरूंची त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देण्याचे काम वर्षानुवर्षे करत आली आहेत.

आज आणि पुढे

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. तरुणांना बोलायला अनोळखी माणसांची कमतरता नाही. मग हौशी रेडिओ कशाला? याचे उत्तर १९९३ नेच देऊन ठेवले आहे. फोन मनोऱ्यावर, मनोरा विजेवर आणि वीज तारांवर अवलंबून असते. मोठ्या आपत्तीत या तिन्ही गोष्टी एकदमच जातात. दोन हॅम केंद्रांच्या मध्ये मात्र मनोरा किंवा तार असे काहीच लागत नाही. शिवाय हा छंद हातांनी करायचा आहे. डाग देणे, तार मोजणे, बिघाड शोधणे यांतून मुलांना जे भौतिकशास्त्र कळते ते पाठ करून कळत नाही.

परवाना मिळवणे आवाक्यात आहे. वय १२ पूर्ण असावे, मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम यांची परीक्षा द्यावी. सुरुवातीच्या मर्यादित श्रेणीला मोर्स लागत नाही. शाळा-महाविद्यालयांना क्लब केंद्राचाही परवाना घेता येतो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपैकी एकेकीने जरी असे केंद्र काढले, तरी जिल्ह्याचा स्वतःचा नेट उभा राहू शकतो. बालाघाटाच्या पठाराची उंची त्याला अनुकूलच आहे. तुळजापूरच्या शारदीय नवरात्रातल्या गर्दीत या मुलांना गंगासागरसारखी सेवा करता येईल आणि रोजच्या बोलण्याचे मोलही कळेल.

१९९३ साली आपल्याकडे मदत बाहेरून आली. ज्यांनी ती दिली त्यांतल्या कित्येकांचे नावही आपल्या गावांना कळले नाही. ते ऋण फेडायचे तर आपल्या जिल्ह्यात रेडिओवर बोलणारी माणसे तयार करायला हवीत. दर वर्षी ३० सप्टेंबरला भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्याच दिवशी सास्तूर, माकणी, लोहारा, उमरगा इथून तासभर बॅटरीवर केंद्रे चालवावीत, हैदराबाद-पुण्याच्या मंडळींना हाक मारावी, एकमेकांची खुशाली विचारावी आणि आणीबाणीचा निरोप देण्याघेण्याचा सराव करावा. उरलेले ३६४ दिवस मात्र पावसापाण्याचे, मुलाबाळांचे आणि मोडलेल्या अँटेनाचे बोलत राहावे; त्या बोलण्यावरच ३० सप्टेंबरचा सराव उभा राहणार आहे.